पाकीट उलटून बघा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आता चिठ्ठीपेक्षा मोबाईल जास्त ठेवले जातात. ‘हे हाय का ओ तुमच्याकडं?’ म्हणत माणूस स्क्रीन माझ्याकडं वळवतो. कधी व्हॉट्सअॅपवर आलेला गोळीचा फोटो असतो, कधी मध्येच थांबवलेला यूट्यूबचा व्हिडिओ. वळसंग हे सोलापूर आणि अक्कलकोटच्या साधारण मधोमध, हायवेला लागून असलेलं गाव. त्यामुळं गिऱ्हाईक सगळ्या प्रकारचं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारं. उसाचा शेतकरी, यंत्रमागावरचा कामगार, कुंभारीच्या वसाहतीतली विडी वळणारी अक्का, स्वामींच्या दर्शनाला निघालेला आणि डोकेदुखीची गोळी मागणारा पुण्याचा पाहुणा. सर्दी-खोकल्याचा मोबाईल ही माणसं मोठ्यानं वाचून दाखवतात. झोपेचा, भीतीचा, रडू येण्याचा मोबाईल मात्र दुकानातली गर्दी ओसरल्यावर खिशातून निघतो.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गाव मला डॉक्टर म्हणतं, त्याला माझा इलाज नाही. पण कोणत्या मोबाईलमधली माहिती माणसाला कुठं घेऊन गेली, हे मला काउंटरच्या या बाजूनं रोज दिसतं.

माणसं मोबाईलकडं का जातात, याचं उत्तर सोपं आहे. मोबाईल ओळखीचा नाही. सोलापूरच्या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर बसलं की गावातलं कुणी ना कुणी दिसतंच, आणि संध्याकाळपर्यंत ‘त्याच्या डोक्यात फरक पडलाय’ ही बातमी पारावर पोचते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण निष्कर्ष आपल्याला परके नाहीत. मानसिक आजार असलेल्या शंभरांतल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. आजारागणिक आकडा कमी-जास्त. ही माणसं गप्प बसून नसतात. ती कुठंतरी विचारत असतात, आणि आज विचारायची सगळ्यात जवळची जागा त्यांच्या खिशात आहे.

आता ती विचारतात काय? ‘चिंताविकार’ असं कुणी टाइप करत नाही. ‘छातीत धडधड होते उपाय’, ‘रात्री झोप येत नाही घरगुती उपाय’, ‘मन लागत नाही काय करावे’ असं लिहितात, किंवा माईकचं बटण दाबून बोलतात. असं विचारलं की आधी तेल, लेप, मंत्र, अंगठी, ‘सात दिवसांत नैराश्य मुळासकट’ अशा जाहिराती वर येतात. त्याच त्रासाला ‘पॅनिक अटॅक’ किंवा ‘डिप्रेशन’ असे शब्द टाकले तर डॉक्टरांचे व्हिडिओ दिसू लागतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी कधी नुसता शोधायचा शब्द देतो. मात्र छातीत धडधडतंय, दुखतंय म्हणणाऱ्याला आधी ईसीजी काढून यायला सांगतो. हृदय ठीक आहे हे एकदा कागदावर आलं की मग भीतीबद्दल बोलता येतं. हा क्रम उलटा करणारा कोणताही व्हिडिओ मला पटत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ गोळ्यांचा आहे. ‘डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते, आयुष्यभर सुटत नाहीत’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की त्याची मूळ व्हिडिओ फाइल कुठंतरी सापडेल असं वाटतं. त्यात खरं किती? एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची आणि चिंतेवरचीही औषधं. यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ होते, पोट बिघडतं, अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते. ती व्यसनासारखी ओढ लावत नाहीत, पण एकदम थांबवली तर गरगरणं, चिडचिड, झोपमोड होते. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही वेगळी मंडळी. यांचा परिणाम तासाभरात जाणवतो, म्हणून माणसाला हीच खरी गोळी वाटते, आणि जास्त दिवस घेतली तर सवय याच लावतात. आता गंमत अशी की आपल्याकडं या दोन जातींची औषधं एकाच गोळीत एकत्र करून सर्रास विकली जातात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी घेणाऱ्यानं ‘सवय लागते’ हा व्हिडिओ बघितला, तर तो अर्धा खरा निघतो. तो दोन्ही बंद करतो. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याची बायको दुकानात येते, ‘ह्यांना काय तर होतंय ओ’ म्हणत.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. मोबाईलवर नाव दाखवून ही गोळी मागणाऱ्याला मी रजिस्टर दाखवतो. काही जण रागावून शेजारच्या गावात जातात. जाऊ देत.

तर माहितीची पारख कशी करायची? मी माझ्या धंद्यातली सवय सांगतो. गोळ्यांचं पाकीट हातात आलं की गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं, आम्ही मागची बघतो. कुणी बनवलं, परवाना क्रमांक काय, बॅच कोणती, कधी बनलं, कधी संपणार, आणि लाल रेषेशेजारी इशारा काय लिहिलाय. व्हिडिओ असो वा लेख, त्याचीही मागची बाजू बघता येते. बोलणारा कोण आहे? त्याचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक दिलाय का? मजकूर कधीचा आहे? शेवटी काही विकतोय का? आणि ‘एवढं झालं तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरकडं जा’ असा इशारा त्यानं कुठं दिलाय का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला आपल्या माहितीची हद्द माहीत नाही, त्याच्याकडं बाकी सगळं असून उपयोग नाही.

नावापुढचं ‘डॉ.’ बघून भागत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं असते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ती तपासता येते. औषध फक्त डॉक्टर लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तपासण्या आणि मानसोपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. ‘काउन्सेलर’, ‘लाइफ कोच’, ‘माइंड ट्रेनर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. त्यात मनापासून काम करणारी, रीतसर मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेली माणसंही आहेत. त्यांना विचारावं, ‘तुम्ही शिकलात कुठं, आणि अवघड केस आली तर कुणाकडं पाठवता?’ चांगला माणूस या प्रश्नानं दुखावत नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी केंद्रानं मार्च २०२० मध्ये नियम काढले. त्यानुसार चिठ्ठीवर आणि पेशंटशी होणाऱ्या व्यवहारात नोंदणी क्रमांक दाखवावाच लागतो. क्रमांक नसलेली व्हॉट्सअॅप चिठ्ठी मी परत करतो.

वेडेपणा, फिट्स, हिस्टेरिया बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही ती रोज दिसते. यूट्यूबवर ‘अमुक आश्रमात चमत्कार’ बघून लोक पेशंटला साखळीनं बांधतात अशा ठिकाणी नेऊन येतात आणि मग फिट्सच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला माझ्याकडं येतात. यावर मला जास्त लिहायची इच्छा नाही. सातारचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिस) मंडळी गावागावांत ‘मानसमित्र’ तयार करतात, ते काम या बाजूचं खरं उत्तर आहे.

मराठीत चांगलं काही नाहीच, हाही एक गैरसमज. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था काढली. तिच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर राग, चिंता, संशय, व्यसन, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर मराठीतून शांतपणे बोलणारे व्हिडिओ आहेत. एकेक तास चालणारे. तीस सेकंदांच्या रीलची सवय झालेल्याला ते जड जातात हे खरं. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण, १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेलं. स्किझोफ्रेनिया घरात असेल तर पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती उभी केली, आणि ‘देवराई’ या २००४ च्या सिनेमामागंही तेच होते. ज्या घरात असा पेशंट आहे त्या घरानं दुसऱ्या तशाच घराशी बोलणं, हे त्या संस्थेचं मोठं काम. औषध देताना मी बघतो, पेशंटइतकीच त्याची आई थकलेली असते. तिच्यासाठी कुणी व्हिडिओ काढत नाही.

स्वतःच स्वतःला तपासणाऱ्या चाचण्याही मोबाईलवर ढिगानं आहेत. त्यातली जगभर वापरली जाणारी एक म्हणजे पीएचक्यू-नाइन. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरला भेटावं असा साधारण संकेत. हे निदान नव्हे. ताप मोजून मलेरिया ठरत नाही, तितकंच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज करत बसू नये, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. ‘तुमच्यात ही पाच लक्षणं आहेत का?’ छापाच्या रील्स ही वेगळी गोष्ट. एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकारावरच्या, टिकटॉकवरील सर्वाधिक बघितल्या गेलेल्या १०० व्हिडिओंची छाननी कॅनडातल्या संशोधकांनी केली, तेव्हा ५२ व्हिडिओ दिशाभूल करणारे निघाले. हा अभ्यास २०२२ चा. टिकटॉक आपल्याकडं २०२० पासून बंद आहे, पण तीच मंडळी आणि तोच मसाला आता दुसऱ्या अॅपवर आहे. शिवाय एक उदास व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की अॅप पुढचे दहा उदास व्हिडिओ वाढून ठेवतं. त्याला तुमच्या तब्येतीशी देणंघेणं नाही, तुम्ही थांबून राहिलात एवढंच त्याला कळतं. सेटिंगमध्ये जाऊन जुना इतिहास पुसला की हे ताट बदलतं.

घरच्या घरी करण्यासारखं काही नाहीच का? आहे, आणि ते आपल्या शेजारीच, गोव्यात तपासून बघितलेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या जवळपास ५०० जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत सहा-आठ भेटी दिल्या, त्याही डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी. भेटीत काय? मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटं काम करायचं. सकाळी उठून अंगण झाडणं, बहिणीला फोन, शेतापर्यंत चालत जाणं. कोणत्या दिवशी, किती वाजता हे ठरवून. जगप्रसिद्ध ‘लॅन्सेट’मध्ये याचे निष्कर्ष आले, आणि या भेटी मिळालेल्यांत बरे झालेले बरेच जास्त निघाले. विदर्भात अमरावतीकडच्या ३० गावांतही याच धर्तीवरचा ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. त्यामुळं एखाद्या व्हिडिओत ‘सकारात्मक विचार करा’ एवढंच सांगितलं असेल तर मी तो अर्धवट समजतो. उद्या सकाळी सातला काय करायचं, हे सांगणारा बरा.

१८ एप्रिल २०२५ ला सोलापूरचे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. शिरीष वळसंगकर यांनी आयुष्य संपवलं. आडनावात आमचं गाव असलेला माणूस. त्यांची चिठ्ठी घेऊन फिरणारे पेशंट आमच्या भागात गावोगाव आहेत. त्या रात्रीपासून पुढं कित्येक दिवस जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर कारणांचा पूर आला. जो तो तपास अधिकारी. मला त्या कारणांबद्दल काही बोलायचं नाही. तो विषय पोलिसांचा आणि कोर्टाचा. पण त्या आठवड्यात जे फोटो आणि तपशील फिरले, ते आधीच खचलेल्या माणसाच्या मोबाईलवरही पोचले होते. आत्महत्येचं वार्तांकन करताना पद्धत वर्णू नये, एकच कारण ठोकून देऊ नये, असं भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये वर्तमानपत्रांना सांगितलंय. व्हॉट्सअॅपला संपादक नाही, म्हणून तो नियम ज्याच्या हातात मोबाईल त्यानंच पाळायचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. घरात कुणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा डबा घराबाहेर हलवा. ते क्षण टळले की बहुतेक वेळा माणूस वाचतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पोरं आता एआयला विचारतात. मराठीत बोललं की मराठीत उत्तर येतं, रात्री दोनलाही येतं, आणि ते रागावत नाही. मला त्यात वाईट काही दिसत नाही, जोवर डॉक्टरला काय विचारायचं याची यादी करायला त्याचा उपयोग होतोय. पण त्या उत्तराला मागची बाजूच नसते. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेनं ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट ठेवला होता. तो त्याच रुग्णांना वजन कमी करायच्या युक्त्या देऊ लागला, आणि मे २०२३ मध्ये संस्थेला तो बंद करावा लागला. तिथलंच ‘बेटरहेल्प’ हे समुपदेशनाचं अॅप. लोकांनी विश्वासानं भरलेली माहिती त्यानं फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिली, म्हणून २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं ७८ लाख डॉलर भरायला लावले. अॅप फुकट असेल तर ते कशावर चालतं, हा प्रश्न अडाण्यानंही विचारावा.

मी ज्याच्या-त्याच्या हातावर लिहून देतो तो नंबर १४४१६. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून. १८००-८९१-४४१६ हाही तिचाच. चोवीस तास, पैसे लागत नाहीत. फोन लागला की भाषा निवडायची. मराठी आहेच, कन्नड, तेलुगू, उर्दूही आहे. आमच्यासारख्या गावात ही फार मोठी सोय, कारण सासरी मराठी बोलणारी बाई रडते कन्नडमध्ये. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर डॉक्टरकडं जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता देतो. मागची बाजू बघायची तर निम्हान्स ही तिची मुख्य संस्था. कधी लाइन लागायला वेळ लागतो, तेव्हा परत लावायचा.

बायकांचा पहिला प्रश्न त्रासाबद्दल नसतोच. ‘ह्यांच्या मोबाईलवरनं लावला तर नंबर दिसंल की?’ दिसतो. बोलून झालं की कॉलच्या यादीतून तो काढता येतो, एवढं मी दाखवतो. नाहीतर आशाताईंच्या फोनवरून लावा म्हणतो. त्या विचारत नाहीत, त्यांना माहीत असतं.

यंत्रमागावरच्या एका अण्णांनी असाच तो नंबर नेला. नंतर आले ते जरा नाराजच होते. ‘अर्धा तास बोलले ओ ते. घरात कोण, झोप किती, पिता का, सगळं इच्चारलं. पण गोळीचं नाव काय सांगितलं न्हाई. सिव्हिलला मानसोपचारच्या ओपीडीत जावा म्हणले.’

मी म्हटलं, ‘जावा की मग. सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेतच निम्मा वेळ जातो. आणि आतापर्यंत जेवढ्या गोळ्या खाल्ल्या तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून न्या.’